तायडेंची झोप

आठवणी लिहायच्या तर आधी एका जागी बसावं लागतं, आणि माझं घोडं तिथेच अडतं. अर्धं आयुष्य डायलिसिसच्या खोलीत गेलं. तिथे सिस्टर बसली रे बसली की कुठलं तरी मशीन बोंबलणार, कुणाचं तरी प्रेशर उतरणार, कुणाच्या तरी पोटरीत गोळा येणार. खुर्ची मला मानवतच नाही. हेसुद्धा स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून लिहितेय. सून म्हणते, आई, मग टेबल कशाला घेतलंत? घेतलं, आता काय करू.

दिवाळी अंकवाल्या ताई म्हणाल्या, सेवेचे हृद्य अनुभव लिहा. हृद्य वगैरे आपल्याला जमायचं नाही. मी भांडखोर बाई. पेशंटांशी भांडले, नातेवाइकांशी भांडले, पाण्याच्या टँकरवाल्याशी तर रोज. पण एक माणूस डोक्यातून जात नाही, आणि त्याच्याबद्दल एक गोष्ट चुकीची सांगितली जाते. ती मला सहन होत नाही, म्हणून लिहितेय.

ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या एका ट्रस्टच्या इस्पितळात मी डायलिसिसची इनचार्ज होते. आता गल्लोगल्ली सेंटरं झालीत. तेव्हा उपनगरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि लोकांना वाटायचं डायलिसिस म्हणजे विजेचे झटके. तसं काही नसतं. किडनी बंद पडली की लघवी बंद होते, रक्तातली घाण आणि पिऊन जिरलेलं पाणी दोन्ही अंगातच राहतात. हातातली एक शीर ऑपरेशन करून जाड केलेली असते. तिच्यात दोन सुया घालायच्या, एकीतून रक्त बाहेर काढायचं, मशीनला जोडलेल्या गाळणीतून फिरवायचं आणि दुसरीतून परत आत सोडायचं. चार-पाच तास हे चालतं. आठवड्यातून दोनदा. एक आठवडा चुकला तर माणूस सुजतो, दम लागतो. दोन चुकले तर बहुधा सांगायला येत नाही.

आमच्या खोलीत स्वस्थ असं कुणीच नसायचं. या आजारात अंगाला खाज सुटते, पाय आपोआप चाळवतात. बोरिवलीहून एक गुजराती बा यायच्या, त्या पडल्या पडल्या शिवणयंत्र चालवल्यासारखे पाय हलवत राहायच्या. भांडुपचे एक मास्तर होते. त्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं, तर ते ओला नॅपकिन चोखायचे आणि वर मला म्हणायचे, सिस्टर, मी प्यायलो कुठे? खाजवणारे, कुशी बदलणारे, घड्याळ बघणारे, किती वेळ राहिला विचारणारे. मी या खाटेवरून त्या खाटेवर. त्या सगळ्या धांदलीत एकच माणूस ढाराढूर झोपलेला असायचा. वासुदेव तायडे.

तायडे साकीनाक्याच्या पुढे एका मोठ्या कंपनीत टर्नर होते. वडील अकोल्याकडून मुंबईत आलेले, बौद्ध कुटुंब, घाटकोपरच्या डोंगरउतारावर दोन खोल्यांचं घर. अंगानं थोराड, मान आखूड, बोलणं कमी. लेथवरचा त्यांचा हात कंपनीत नावाजलेला होता. किडनी गेल्यावर कंपनीनं त्यांना लाइट ड्युटी दिली. बाकावर बसायचं आणि दुसऱ्यांनी बनवलेल्या पार्टांची मापं गेज लावून तपासायची. डायलिसिसचा खर्च कंपनी करायची. फक्त एक अट, माणूस हजेरीपटावर पाहिजे. नोकरी सुटली की दुसऱ्या दिवसापासून मेडिकल बंद. आणि मेडिकल बंद म्हणजे तायडे बंद. हे त्यांच्या बायकोला, शकुंतलाबाईंना, अगदी पाठ होतं.

तायडेंना सुया लावल्या की डोळे मिटायचे आणि घोरणं सुरू. घोरणं म्हणजे काय साधंसुधं? पलीकडच्या वॉर्डातून आया बघायला यायच्या. मास्तर म्हणायचे, तायडे आले, आता सिस्टर तुमच्या मशीनचा अलार्म ऐकू येणार नाही. मध्येच घोरणं थांबायचं, जरा वेळानं घर्रकन मोठा आवाज यायचा, पाय उडायचे, की खोलीत हशा. तायडेही ओशाळून हसायचे आणि परत झोपायचे.

बाकीच्यांना डायलिसिसनंतर जरा तरतरी यायची. तायडे मात्र मशीनवरून उतरले तरी पेंगतच. मी विचारायचे, अहो, रात्री काय करता? ते म्हणायचे, "रात्रभर झोपतोच की सिस्टर. पण सकाळी उठतो तो झोप चोरीला गेल्यासारखा." शकुंतलाबाई म्हणायच्या, "यायले झोप कमी पडते म्हून मी पोरायले आवाज करू देत नाही. शेजारचा रेडिओ बी बंद करायले लावते." आजारी माणूस झोपलाय, उठवू नका. आपल्याकडे सगळ्या घरांत हेच. मीही तेच म्हणायचे.

मग एके दिवशी तायडे जागे होते. डायलिसिस सुरू झालं तरी छताकडे बघत पडलेले. मी म्हटलं, आज काय सूर्य पश्चिमेला उगवला? तर म्हणाले, "चार्जशीट आलं सिस्टर." बाकावर झोपलेले सापडले होते. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. हातात गेज तसंच, आणि मान खाली. सुपरवायझरनं दोन माणसांना साक्षीला आणून दाखवलं. आता चौकशी बसणार होती.

"काढून टाकतील का हो?" मी विचारलं.

"युनियन बघतेय," ते म्हणाले, आणि तेवढं बोलेपर्यंत त्यांचे डोळे मिटले. डोक्यावर टांगती तलवार असताना हा माणूस झोपतो, याचा मला राग आला की कीव आली, ते आता सांगता येत नाही.

त्याच दरम्यान डॉ. दोशी आले. छातीचे डॉक्टर, घाटकोपरला दवाखाना, आमच्याकडे फेरी मारायचे. बारीक, चष्मेवाले, सदा घाईत. बांचा खोकला बघायला आले होते. बांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि वैतागून मान वळवली, कारण तायडेंच्या घोरण्यात काही ऐकूच येईना. मग वैताग सोडून ते तसेच बघत राहिले.

"सिस्टर, हे घोरणं ऐकलं?"

"रोज ऐकते. कान किटलेत."

"बरं. आता ऐका."

मी ऐकलं. काहीच नव्हतं. "थांबलं की," मी म्हटलं.

"घोरणं थांबलं, की श्वास थांबला?"

डॉक्टरांनी कापसाची एक तार काढून तायडेंच्या नाकपुडीसमोर धरली. ती हलेना. छाती मात्र वर-खाली ओढली जात होती, पोट खेचलं जात होतं, म्हणजे माणूस श्वास घ्यायची धडपड करतोय आणि हवा आत जात नाहीये. ओठ काळसर व्हायला लागले. माझा हात आपोआप त्यांच्या खांद्याकडे गेला, तर डॉक्टर म्हणाले, थांबा. मग तो घर्रकन आवाज आला, पाय उडाले, कापूस उडाला आणि श्वास सुरू झाला. खोलीत सवयीनं कुणीतरी हसलं. मी नाही हसले. परत कधीच नाही हसले.

डॉक्टरांनी नंतर उभ्या उभ्या समजावलं. झोपेत गळ्याचे स्नायू सैल पडतात. कुणाकुणाचा गळा आतून मिटतोच. हवा अडते, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, गळा उघडतो, माणूस परत झोपतो, परत गळा मिटतो. सारी रात्र हेच. सकाळी त्याला वाटतं आपण झोपलो होतो. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. किडनीवाल्यांत हे जास्त. अंगात साठलेलं पाणी दिवसा पायांत असतं, आडवं झालं की वर मानेकडे सरकतं आणि गळा आतून सुजतो. शिवाय रक्तातल्या घाणीनं मेंदूचं श्वासावरचं लक्षही बिघडतं. "आणि आपण काय समजतो," डॉक्टर म्हणाले, "किडनीचा पेशंट, पेंगणारच. म्हणून कोणी बघतच नाही."

पहिला हुकूम, झोपेची गोळी बंद. रात्री नीट झोप लागावी म्हणून नाक्यावरच्या डॉक्टरनं दिलेली गोळी शकुंतलाबाई रोज आठवणीनं देत होत्या. त्या गोळीनं गळा आणखी सैल पडत होता. हे कळल्यावर त्या बाईनं पिशवीतून उरलेल्या गोळ्या काढल्या आणि माझ्या हातात कोंबल्या. दुसरा हुकूम, दोन डायलिसिसच्या मध्ये पाणी आणखी कमी. तिसरा, उताणं झोपायचं नाही. त्यासाठी बनियनला पाठीमागून खिसा शिवायचा आणि त्यात पोरांचा रबरी चेंडू घालायचा, म्हणजे उताणं झालं की टोचणार. तायडेंनी तेही केलं. फरक पडला, पण थोडाच.

"मग आता?" मी विचारलं.

"गळ्याला भोक पाडून नळी बसवायची," डॉक्टर म्हणाले. "हमखास इलाज. पण हा माणूस, हा आजार, तो डोंगरावरचा धुरळा. मला धीर होत नाही." मग म्हणाले, परदेशात एका डॉक्टरनं वेगळंच केलंय. नाकावर मास्क लावून सतत हवेचा दाब द्यायचा. त्या दाबानं गळा मिटतच नाही. तसलं मशीन आपल्याकडे मिळत नाही. पण आत आहे काय? एक ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, बस.

हे ऐकत तायडेंच्या पायाशी राणे उभा होता. राणे त्यांच्याच कंपनीत मेंटेनन्सला, मोटारी रिवाइंड करायचा, आणि युनियनचा माणूसही तोच. आमच्याच मालवणकडचा, त्यामुळे माझ्याशी मालवणीत बोलायचा. म्हणाला, "ब्लोअर? सिस्टरबाय, ब्लोअर माझ्यार सोडा. तां काय मोठा काम आसा?"

मोठं काम होतंच. साकीनाक्याच्या एका गाळ्यात राणेनं जुन्या व्हॅक्युम क्लीनरची मोटार घेतली आणि उलटी लावली, म्हणजे ओढायच्या ऐवजी हवा फेकेल. पहिल्यांदा ती इतकी ओरडली की गाळ्याबाहेर माणसं जमली. मग लाकडी पेटी, आत नारळाच्या काथ्याचं अस्तर, आवाज निम्म्यावर. चेंबूरला डॉक्टरांच्या ओळखीचे एक दाताचे डॉक्टर होते. त्यांनी कवळीसाठी घेतात तसा तायडेंच्या नाकाचा साचा घेतला आणि त्यावर रबराचा मास्क बनवला. दाब मोजायला नळीचं एक टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून किती खोलवर बुडबुडे येतात ते डॉ. दोशी बघायचे.

पण लावून बघायचं कुठे? घरी काही झालं तर कोण बघणार? मीच म्हटलं, इथे लावा. नाहीतरी हा माणूस माझ्यासमोर चार तास झोपतोच, प्रेशर बघायला मी आहेच. आमच्या किडनीच्या मोठ्या डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण हो म्हणाले.

त्या दुपारी एका बाजूला डायलिसिसचं मशीन, दुसऱ्या बाजूला राणेची पेटी, मध्ये नाकावर रबरी मास्क लावलेले तायडे. दाब कमी होता तोवर घोरणं चालू. डॉक्टरांनी थोडा वाढवला. आणखी थोडा. घोरणं बंद झालं. मी घाबरून कापूस धरायला धावले, तर छाती संथ चालली होती, पोट संथ, ओठ गुलाबीच्या जवळपास. पाय उडाले नाहीत. तायडे झोपले होते. त्यांना झोपलेलं आम्ही रोज बघायचो, पण खरी झोप मी त्या दिवशी पाहिली. खोली इतकी शांत झाली की बांना चैन पडेना. "ए भाई ठीक छे ने?" असं त्या मला विचारत राहिल्या. राणे पेटीवर हात ठेवून उभा होता, तो डोळे पुसायला बाहेर गेला आणि परत येऊन म्हणाला, बेअरिंग गरम होतंय. मला तर नाचावंसं वाटलं.

पेटी घरी गेली. आणि दुसऱ्याच आठवड्यात आमचं भांडण झालं.

वजनकाट्यावर उभे राहिले तर तायडेंच्या अंगात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पाणी. मी फैलावर घेतलं. "अहो, एवढं सगळं केलं आणि तुम्ही माठ रिकामा करताय? गळा सुजणार, परत ये रे माझ्या मागल्या." शकुंतलाबाईच उसळल्या. "सिस्टर, तुमी यायले काहून बोलता? त्या तुमच्या हवेनं तोंड पार सुकून जाते. जीभ टाळूले चिकटते. माणूस पाणी नाही पिईन तं काय करीन?"

आली का पंचाईत. एका आजाराची हवा दुसऱ्या आजाराला पाणी पाजत होती. डॉक्टर म्हणाले, झोपेत तोंड उघडतं, नाकातून गेलेली हवा तोंडातून बाहेर पळते, म्हणून सुकतं. सोपं आहे, हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधा. मी गॉज घेऊन बांधायला गेले, तर शकुंतलाबाईंनी माझा हात धरला. चांगला घट्ट. "हे मेल्यावर बांधतात," ती म्हणाली. "मी नाही बांधू देणार."

मी गॉजची गुंडाळी परत ट्रेमध्ये टाकली. कारण खरंच होतं. इतकी वर्षं वॉर्डात हनुवटी बांधायचं काम मी फक्त माणूस गेल्यावरच केलं होतं. रोज रात्री नवऱ्याला असं बांधून शेजारी झोप म्हणून कुठल्या तोंडानं सांगणार? डॉक्टरांना काही कळेना. मी त्यांना म्हटलं, तुम्ही जा, हे आमचं आम्ही बघतो.

उपाय तिनंच काढला. पुढच्या खेपेला तायडेंची माकडटोपी घेऊन आली. खालून दोन बटणं लावून ती हनुवटीवर ताणून बसवलेली, नाकाच्या जागी मास्कपुरती कापलेली. मुंबईच्या उकाड्यात माकडटोपी घातलेला माणूस बघून मास्तर इतके हसले की त्यांचं प्रेशर वर गेलं. पण तोंड बंद राहिलं, तहान आटोक्यात आली, वजन जाग्यावर आलं. काही दिवसांत तायडे डायलिसिसला येऊन पेपर वाचायला लागले. पेपर! मला विचारायचे, सिस्टर, तुम्ही कायम उभ्या का? मी म्हणायचे, तुम्ही जागे झालात तेवढं पुरे, मला बसवू नका.

या सगळ्यात चौकशीची तारीख पुढे पुढे जात होती. ती एकदाची लागली. मला वाटलं आता तर सरळ काम आहे. डॉ. दोशी लिहून देणार होते. मी रजा टाकली होती, साक्षीला जाणार होते. काय बोलायचं ते मनात घोळवून घोळवून तयार होतं. साहेब, हा माणूस झोपत नव्हता, गुदमरत होता. आता त्याचा इलाज झालाय.

आदल्या डायलिसिसला राणे आला आणि मला पाण्याच्या टाकीकडे घेऊन गेला. "सिस्टरबाय, तुमी चौकशीक येव नकात. डॉक्टरांचा कागद पण नको."

"अरे, वेड लागलं काय तुला? तूच मशीन केलंस ना?"

मग तो मालवणी सोडून सरळ बोलायला लागला, म्हणजे गंभीर होता. "ऐका. कामावर झोपलो, आळस केला, पुन्हा होणार नाही, असं तायडेनं कबूल केलं तर काय होईल? थोडे दिवस सस्पेंड, इन्क्रिमेंट खातील. माणूस हजेरीवर राहिला. आणि झोपेत याचा श्वास बंद पडतो म्हणून सांगितलं तर? साहेब म्हणेल, अरेरे, बिचारा. चहा पाजेल तुम्हाला. आणि दुसऱ्या दिवशी मेडिकली अनफिट. किडनी आहे म्हणून आधीच बाकावर बसवलाय. आता बसवायला जागा कुठे उरली? हिशेब हातात देतील. मग मेडिकल कुठलं?"

"पण इलाज झालाय ना त्याचा."

"कशानं? काथ्याच्या पेटीनं आणि माकडटोपीनं? दाखवू साहेबाला?"

समोरच्याचं पटायला लागलं की मी आवाज चढवते. तिथेही चढवला. खोटं कशाला बोलायचं, इतकी मेहनत केली ती लपवायची का, हे सगळं बोलून घेतलं. मग आम्ही दोघं आत आलो.

तायडे मशीनवर होते, शकुंतलाबाई उशाशी. त्यांच्यात आधीच बोलणं झालेलं दिसत होतं, कारण ती रडून लाल झाली होती. "यायले आळशी म्हणू देऊ?" ती मला म्हणाली. "सांगा ना तुमी."

तायडे एवढं बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले. "सिस्टर, आमच्या वस्तीतल्या माणसाला आळशी म्हणायला कुणी पुरावा मागत नाही. माझा बाप मला सांगून गेला, भोंगा व्हायच्या आधी गेटच्या आत पाय पाहिजे. माझा पाय कायम आत होता. लेथवर माझ्या हाताला कधी कुणी नाव ठेवलं नाही. तो शिक्का मी कधी अंगाला लागू दिला नाही." त्यांनी हातातल्या नळीकडे बघितलं. "आता माझ्याच हातानं मारून घ्यायचाय. पण नाव राखायला गेलो तर मीच राहत नाही. मी राहिलो तर नावाचं नंतर बघू. तुम्ही येऊ नका. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, तुम्ही सगळं सांगून बसाल."

माझी रजा मंजूर झाली होती. त्या दिवशी मी घरी राहिले आणि सगळी भांडी घासली, घासलेली परत घासली. मुलानं विचारलं, आई काय झालं, तर त्याच्यावर खेकसले.

काय झालं ते राणेनं येऊन सांगितलं. कबुली घेताना लिहून घेणारा म्हणाला, ऐकू आलं नाही. तेव्हा मॅनेजर म्हणाला, तायडे, मोठ्यानं बोल. तायडेंनी मोठ्यानं सांगितलं, "आळस केला साहेब. चूक झाली." बाहेर पॅसेजमध्ये त्यांच्या खात्याची माणसं उभी होती, त्यांनाही ऐकू गेलं. सस्पेन्शन झालं, संपलं. नोकरी राहिली.

परत रुजू झाल्यावर तायडे बाकावर पुन्हा कधी झोपले नाहीत. झोपणार कसे, रात्री पेटी चालू होती. पण कंपनीत त्याचा अर्थ वेगळा निघाला. कुणी उशिरा आलं, कुणी टंगळमंगळ केली की मॅनेजर म्हणायचा, तायडेकडे बघा. एक चार्जशीट, आणि माणूस सरळ झाला. नव्या पोरांना हे सांगितलं जायचं, तेही तायडे समोर गेज लावत बसलेले असताना. राणे हे मला सांगताना शिव्या द्यायचा, त्या इथे लिहिता येत नाहीत. मी विषय काढला की तायडे मात्र म्हणायचे, वजन घ्या सिस्टर, उशीर होतोय.

किडनी बदलायची म्हणून त्यांच्या बहिणीची तपासली, पण ती जुळली नाही. तरी बऱ्यापैकी वर्षं मिळाली. मुलीचं लग्न पाहिलं, मुलगा आयटीआयला गेला. मग हृदय थकलं, या आजारात ते थकतंच. एका सकाळी चहा पिऊन झाल्यावर गेले. जागे असताना. हे शकुंतलाबाईंनी मला मुद्दाम सांगितलं.

कंपनीच्या कँटीनमध्ये शोकसभा होती. तोवर कंपनीनं घरच्यांना द्यायचे सगळे पैसे देऊन झाले होते. शकुंतलाबाई म्हणाल्या, तुमी या, म्हणून मी गेले. हार घातलेला फोटो, टेबलामागे साहेब लोक, समोर बाकांवर कामगार. माझ्या एका बाजूला शकुंतलाबाई, दुसऱ्या बाजूला राणे. तोच मॅनेजर बोलायला उभा राहिला. माणूस वाईट नव्हता हो. मनापासून बोलत होता. तायडे किती शांत, आजारपणातही किती नियमित. मग म्हणाला, "आणि एक गोष्ट मी नेहमी सांगतो. एकेकाळी तायडेंच्या हातून कामात आळस झाला. पण त्यांनी प्रामाणिकपणे चूक कबूल केली आणि असे सुधारले की पुन्हा बोट दाखवायला जागा ठेवली नाही. हा त्यांचा मोठेपणा."

माझे पाय चाळवायला लागले. मी उठणारच होते, तेवढ्यात शेजारची जागा रिकामी झाली. शकुंतलाबाई उभी होती. साहेबांसमोर ही बाई कधी बोललेली नव्हती. पदर नीट केला आणि बोलायला लागली.

"सायेब, माहा माणूस आळशी नव्हता. झोपेत त्यायचा श्वास बंद पडे. तो आजार होता. डॉक्टरले माहीत होतं, या सिस्टरले माहीत होतं, राणे भाऊले माहीत होतं. तुमालेच सांगितलं नाही. तुमच्या कागदावर आळशी लिवलं आहे, ते खोडा."

मॅनेजर गोंधळला. राणेकडे बघितलं, राणेनं मान हलवली. मग तो अगदी हळू, समजुतीच्या आवाजात म्हणाला, "अहो ताई, पण मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तेव्हा सांगितलं असतं तं तुमी त्यायचं डायलिसिस बंद केलं असतं," शकुंतलाबाई म्हणाली. "आता करा बंद."